पाचव्या वळणापासून

आमचे हे सायकली दुरुस्त करतात. वय अठ्ठावन्न, गुडघे त्याहून म्हातारे. कृत्रिम पाय बसवून देणाऱ्या संस्थेच्या मदतीसाठी चार दिवस डोंगरातून सायकल चालवायची, असं यांनी ठरवलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. "आधी घरचा जिना नीट चढा!" म्हटलं. पण बापलेकीपुढे माझं कधी काही चाललंय?

लेकीचा डावा पाय अपघातात गेला. नवा पाय याच संस्थेनं दिला. तिथल्या चार पायऱ्या चढायला तिला सुरुवातीला अर्धा तास लागायचा. एकदा तिच्या मामाला राहवलं नाही, त्यानं तिला उचलून वर नेलं. पोरगी बसत बसत खाली उतरली आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा चढली. हट्टात थेट बापावर गेलीय. निघताना तिनं यांना बजावलं, "बाबा, गाडीत बसायचं नाही. सगळा रस्ता स्वतः." यांनी तिच्या हातावर हात ठेवून कबूल केलं.

दमलेल्यांना उचलायला सगळ्यात मागून जी गाडी येते, तिच्यात ड्रायव्हरशेजारी मी, पाण्याच्या बाटल्या घेऊन. तीन दिवस यांची घामेजलेली पाठ बघत आलो. दर चढाला मी खिडकीतून ओरडायची, "बसा आता आत, पुरे झाला शहाणपणा!" हे नुसता हात हलवायचे.

चौथ्या दिवशी शेवटच्या घाटात, पाचव्या वळणावर आमच्याच फेरीतल्या एक शिक्षिका रडकुंडीला येऊन उभ्या. खड्ड्यात आदळून पुढचं चाक वाकडं झालेलं. गाडीत जादा चाक उरलं नव्हतं आणि चारच्या आत माथा गाठायचा होता. यांनी चाक फिरवून पाहिलं. "तासाभराचं काम आहे," म्हणाले, आणि सरळ आपलं चाक काढून बाईंच्या सायकलला लावलं. "निघा तुम्ही."

असा संताप आला मला! "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आलात होय इथं?" वळणावर गाडी थांबवून ठेवता येईना, तेव्हा हे सायकल गाडीत मागे टाकून आत येऊन बसले. तीन दिवस मी हेच तर म्हणत होते, पण आता मलाच ते बघवेना. यांनी वाकडं चाक मांडीवर घेतलं, खिशातून छोटी चावी काढली आणि एकेक तार घट्ट-सैल करत बसले.

माथ्यावर बाई वेळेत पोहोचल्या. त्यांनी यांचं चाक परत दिलं, यांनी त्यांचं सरळ केलेलं. बापाला घ्यायला आलेली लेक तिथंच उभी होती. बापाला गाडीतून उतरताना तिनं पाहिलं होतं.

यांनी सायकलला चाक लावलं आणि ड्रायव्हरला विचारलं, "पाचव्या वळणावर सोडतोस का?"

"काका, वेळ संपली. स्वागताची कमानसुद्धा उतरवतायत. आता कोण मोजणार?"

"मोजायचंय कुणाला?" मी म्हटलं. "वळव गाडी."

लेक म्हणाली, "मी इथंच उभी राहते."

त्या चढाला मी यांना एकदाही आत बसा म्हटलं नाही.