हंडीच्या गळ्यावरचा छाप

पोलीस ॲक्शननंतर चार-पाच वर्षांनी परतूरला माझ्या धाकट्या दिराचं लग्न झालं. मांडवात रोषणाई हवी म्हणून शेजारच्या काकांकडून टांगत्या दिव्यांच्या दोन काचेच्या हंड्या मागून आणल्या. गुलाबी काच, कडेला झालर, अंगावर वेलबुट्टी. काकूंनी त्या हैदराबादच्या माहेरून आणल्या होत्या. काकू आदल्याच वर्षी वारल्या. देताना काका एवढंच म्हणाले, "जोडी हाय, संभाळा."

मांडव सोडताना एक हंडी दोरीसकट खाली आली. लग्नघरात फुटकी काच नको म्हणून सासूबाईंनी तासाभरात तुकडे गावाबाहेर पुरायला लावले. काका एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच मला सोसवेना. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी नवऱ्याच्या मागं लागले, "काही करा, पण त्यांना जोड आणून द्या."

जालन्याच्या एका जुन्या काचसामानवाल्यानं निरोप धाडला. उरलेली हंडी आणून दाखवा, कुणाची बनावट ते बघून सांगतो. बनवणारा कळला की हैदराबादेत जोड सापडेल. काकांनी हंडी काढून दिली. दुसऱ्याची वस्तू चारचौघांत न्यायची तर लख्ख करून न्यावी, ही आमच्या घरची रीत. आणि घासण्यात माझा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. चिंच आणि राख घेऊन बसले. काजळी सगळी निघाली. गळ्यापाशी चहाच्या डागासारखं पिवळट काहीतरी होतं, ते मात्र जाईना. मीही हट्टी. घासून घासून घालवलंच.

गाडीत जालन्यापर्यंत हंडी मांडीवरून खाली ठेवली नाही. दुकानदारानं चष्मा लावून ती फिरवली, गळ्यावर बोट फिरवलं.

"छाप किधर है?"

आम्हाला काही कळेना. त्यानं फळीवरची दुसरीच एक हंडी काढून दाखवली. तिच्या गळ्यावर पुसट, पिवळट सोनेरी अक्षरं होती. "यहाँ कारखाने का नाम रहता. घासे क्या?"

नवरा माझ्याकडं बघायला लागला. मी मान खाली घातली.

"ऐसी गुलाबी दस जने बनाते थे," तो म्हणाला. "एक का काँच दूसरे से मिलता नहीं. नाम के बगैर किसकी मंगाऊँ?"

त्याच्याशी कडाकडा भांडावंसं वाटलं, पण भांडणार कशावर? त्याचं बराबर होतं.

परतूरला उतरलो ते थेट काकांकडं गेलो. हंडी त्यांच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. हे माझ्या हातानं झालं, असं म्हणताना मला रडूच फुटलं.

"रडू नको, सुनबाई," काका म्हणाले. "नाव तर मला ठावं हाय. मला ती अक्षरं येत न्हाईत, पर तिनं किती डाव वाचून दाखवलंय. तुम्ही आधी इचारलंच न्हाई."

माझा जीव भांड्यात पडला. नवऱ्यानं खिशातून पेन्सिल काढली. काका डोळे मिटून बसले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मग त्यांनी मान वळवली आणि आतल्या दाराकडं हाक दिली, "अगं, काय गं ते नाव?"

नवऱ्यानं पेन्सिल परत खिशात ठेवली.