कूलर बंद केला तरी

अकोल्यात एप्रिल महिन्यात घरात काही हललं, की माणूस आधी कूलरकडे बघतो. आमचा कूलर पत्र्याचा होता, विटांवर ठेवलेला, मोटर जुनी. तो सुरू केला की खिडकीची चौकट थरथरायची आणि शोकेसमधले काचेचे ग्लास एकमेकांना लागून किणकिणायचे. त्यामुळे त्या दुपारी जमीन हलली, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकच चूक केली. आम्ही कूलरला दोष दिला.

मला बघायला पाहुणे आले होते. तेल्हाऱ्याचे, बियाणं आणि फवारणीची औषधं विकणारे, मोठं दुकान असलेले. मुलगा, त्याची आई आणि मध्यस्थ म्हणून माझी मावशी, तीही तेल्हाऱ्यातच राहते. मुलाला इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी हवी होती, म्हणून मी. शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा आणि घरी तोंडून इंग्रजी शब्द गेला की चुलतभाऊ हसायचे. मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले होते. हे मात्र मावशीने त्यांना सांगितलं नव्हतं.

मुलाची आई अंगाने जड. गुडघ्याचं दुखणं. आमच्या दारातल्या पायऱ्या ती मुलाच्या खांद्याला धरून चढली आणि आत येऊन नेमकी त्या सोफ्यावर बसली, ज्याची स्प्रिंग कधीच गेली होती. ती खोल आत गेली. मी पोह्यांच्या बश्या दिल्या आणि रिकामा ट्रे छातीशी धरून उभी राहिले. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि मावशीला म्हणाली, "पोरगी बोलत काहून नाही? मुकी तं नाही ना?"

मावशी हसली आणि आईला मदत करायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात सटकली. मुलाने बशी मांडीवर ठेवली, घसा साफ केला आणि नोकरीच्या मुलाखतीत विचारतात तसं म्हणाला, "इंट्रोड्यूस युवरसेल्फ."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात कूलर जोरात वाजायला लागला.

"मोटर गेली वाटते," बाबा ओशाळून म्हणाले आणि उठून त्यांनी बटण बंद केलं. पंख्याची पाती थांबली, आवाज थांबला. घर मात्र हलतच राहिलं. एखादा भरलेला ट्रक रस्त्यावरून न जाता घराच्या खालून जावा, तसं. कूलरच्या टाकीतलं पाणी डचमळून फरशीवर आलं. बाबांनी एकदा बटणाकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे, आणि ओरडले, "भूकंप! बाहेर व्हा!" आणि आई-मावशीला काढायला स्वयंपाकघराकडे धावले. ते तिघे मागच्या दाराने बाहेर पडले.

मी वळून पाहिलं, तर मुलाची खुर्ची आडवी पडलेली. पोहे फरशीवर. फाटक आपटल्याचा आवाज आला.

त्याची आई सोफ्यातच होती. दोन्ही हात टेकून उठायचा प्रयत्न करायची आणि परत आत जायची. "अरे पोरा! मले घे ना!" तिने दाराकडे पाहून हाक मारली. मग माझ्याकडे पाहिलं. "माय वं, मले सोडू नको."

मी ट्रे खाली टाकला आणि दोन्ही हात दिले. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिची एक हिरवी बांगडी तिथेच फुटली आणि काच मला लागली. मी तिला ओढून उभं केलं आणि कमरेत हात घालून दारापर्यंत नेलं. हलणं तोपर्यंत थांबलं असावं, पण तिला सावरण्याच्या नादात ते कळलं नाही.

बाहेर अख्खी कॉलनी रस्त्यावर होती. समोर राहणाऱ्या चाची, ब्लाउज शिवणाऱ्या, गळ्यात टेप तसाच लटकवून उभ्या होत्या. आणि फाटकाशी पाहुण्यांची नवी पांढरी गाडी. इंजिन सुरू, चारही काचा वर, आणि मुलगा स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरून आत बसलेला. त्याच्या आईने काचेवर बोटाने ठकठक केलं, तेव्हा त्याने दार उघडलं. ते निरोप न घेताच गेले.

गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर चाची माझ्याजवळ आल्या. "मेरेको लगा मशीन बिगड गई. पाँव उठाया तो भी सुई हिलतीच रही," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "और वो लडका क्या कर रहा था बेटा? भूकंप को काच से रोक रहा था क्या?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले.

केंद्र म्हणे धारणीकडे होतं, मेळघाटात. आमच्याकडे कोणाची भिंत पडली नाही. पुढचे काही दिवस कॉलनीत तीच मजा चालू होती, कोण कुठे होतं आणि कोणाला काय वाटलं. मग मावशीचा फोन आला. आईने ऐकून घेतला आणि खाली ठेवला.

"काय म्हणतात?" बाबांनी विचारलं.

"पोरीचा पायगुण बरा नाही म्हणतात. तोंड उघडलं अन् धरणी हालली."

शहरातल्या कोणाला हे हसण्यासारखं वाटेल. आमच्याकडे त्या वर्षांत कोणी हसत नव्हतं. कापूस हातचा जात होता, पेपरच्या पहिल्या पानावर रोज कुठल्या ना कुठल्या गावची शेतकऱ्याच्या आत्महत्येची तीच बातमी असायची, आणि घराघरांत दोष द्यायला कोणीतरी लागत होतं. नवी सून घरात आली आणि बोंडअळी पडली, तर सून. नात्यातल्या एका मुलीला विहीर आटली म्हणून माहेरी पाठवलं होतं. ती विहीर त्या भागातल्या सगळ्याच विहिरींबरोबर आटली होती, पण ती अजून माहेरीच आहे.

नंतर अमरावतीचं एक स्थळ यायचं होतं. ते आले नाहीत. त्यांच्याकडच्या बाईंनी फोनवर आईला विचारलं, "तीच का ती, भूकंपवाली?" आईने दर शनिवारी मला मारुतीला न्यायला सुरुवात केली. बाबा जेवताना ताटाकडे बघून जेवायला लागले. मला लग्नाची घाई नव्हती. पण बाबांना माझ्याकडे बघता येईना, हे मला सहन होत नव्हतं.

रस्त्यावरून ट्रक गेला आणि ग्लास किणकिणले की माझ्या मनात यायचं, पुढच्या वेळी केंद्र तेल्हाऱ्यात असू दे. बरोबर त्यांच्या दुकानाखाली. बियाण्याची पोती अंगावर पडू देत, औषधाच्या बाटल्या फुटू देत. हे मी मारुतीसमोर हात जोडूनही मागितलं. भूकंप काही आला नाही. मग मी ठरवलं, त्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

मे महिन्यात तेल्हाऱ्यात मावशीच्या मुलीचं लग्न निघालं. दुकानवाले तिथे येणारच होते. आई म्हणाली, "तू नको येऊ. लोक पाहतील." मी म्हटलं, "येते." आईने मान वर करून पाहिलं. मी आपणहून कुठल्या कार्यक्रमाला येते म्हणाले, असं याआधी झालं नव्हतं.

मी तयारी केली. न्हाणीघरात नळ सोडून वाक्यं म्हणून पाहिली. इंग्रजीत नाही, आणि माझ्या पुस्तकी मराठीतही नाही. त्या मुलाच्या आईच्या बोलीत. आजीच्या तोंडी ऐकलेली, मी स्वतः कधी न वापरलेली बोली. सुरुवातीला जीभ अडखळायची. नंतर चव यायला लागली.

हळदीच्या दिवशी मावशीच्या घरी खोली बायकांनी भरलेली होती. मुलाची आई भिंतीला टेकून गादीवर बसली होती, तिला घेऊन आलेला मुलगा बाहेर गाडीत. तिच्या शेजारी हिवरखेडची एक बाई. मावशीने सकाळीच आईच्या कानात सांगितलं होतं, त्या बाईच्या भाचीची आणि दुकानवाल्या मुलाची बोलणी सुरू आहेत. मला ते ऐकून बरं वाटलं. मी पन्ह्याचा ट्रे घेतला आणि वाटायला लागले.

खिडकीतला कूलर थडथडला. कोणीतरी म्हणालं, "भूकंप आला वं!" आणि सगळ्या हसल्या. मग गोष्टी निघाल्या.

"मले वाटलं चक्कर आली. मी बसल्या बसल्या मूठभर साखर खाल्ली."

"आमचे हे झोपले होते. मलेच म्हणे, काहून हालवून राहिली खाट? मी इकडं चुलीपाशी!"

"आमची म्हैस उभी राह्यली बाई, अन् असं पाहे माह्याकडं, जसं मीच केलं."

मुलाची आई तोवर थांबली होती. आपली वेळ आल्यावर तिने पदर सारखा केला. "मी सांगतो तुमाले खरा भूकंप. आमी अकोल्याले पोरगी पाहाले गेलो होतो. तिनं तोंड उघडलं अन् जमीन हालली. काही काही पोरींच्या पायातच राह्यते." हे सांगताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं.

मी शेवटचा ग्लास तिच्यापुढे धरला. आणि ट्रे भिंतीला टेकवून तिच्यासमोर बसले.

"काकू, गुडघा कसा हाय आता?"

"बरा आहे," ती म्हणाली.

"त्या दिवशी लय दुखत होता ना. मी उठवलं तवा तुमी म्हणत होत्या, माय वं, मले सोडू नको."

हिवरखेडच्या बाईने ग्लास खाली ठेवला. "तू उठवलं? अन् पोरगं कुठी होतं?"

"गाडीत."

"गाडीत काय करून राहिला होता?"

"काचा वर करून बसले होते. काकूनं काच वाजवली, मंग उघडली."

"खोटं बोलते!" मुलाची आई म्हणाली.

मी हात पुढे केला. मनगटावर बारीक पांढरा वण होता. "तुमची हिरवी बांगडी फुटली होती काकू. हे पाहा ना."

तिने पाहिलं नाही. कोपऱ्यातली एक म्हातारी, जिला ऐकू येत नाही असं सगळे समजत होते, मोठ्याने म्हणाली, "काचा वर! धूळ येत असन ना बाई आत!"

खोलीत हशा फुटला. बायका एकमेकींच्या पाठीवर हळदीचे हात मारून हसत होत्या. "एसी लावला असन वं!" "मायले बाहेर ठेवून एसी!" "भूकंपाले म्हणे, आधी काच वाजव!" म्हातारीला आणखी काहीतरी सुचलं होतं, पण हसण्यात ते कोणालाच ऐकू गेलं नाही. दारात आई उभी होती. ती हसत नव्हती, पण दारातून हललीही नाही.

हिवरखेडच्या बाईने मुलाच्या आईच्या मांडीखाली अडकलेला आपला पदर हळूच ओढून घेतला. ती बोलणी तिथेच थांबली, हे नंतर कळलं. त्या मुलाला आता तेल्हाऱ्यात काचवाला म्हणतात. दुकानात माल मागायला येणारेसुद्धा म्हणतात, त्याच्या पाठीमागे. मला याचं वाईट वाटलेलं नाही. वाटेल म्हणून मी थोडे दिवस वाट पाहिली होती.

मुलाची आई उठायला लागली. एक हात गादीवर टेकला, दुसरा भिंतीला. भिंतीवर हळदीचा ओला पंजा सरकत खाली आला आणि ती परत बसली. कोणी पुढे झालं नाही. सगळ्या अजून हसू पुसत होत्या. तिने पुन्हा जोर लावला. गुडघ्याने पुन्हा नाही म्हटलं. मग तिने हात वर केला, समोर जी होती तिच्याकडे.

समोर मी होते. तो हात मला ओळखीचा होता. हिरव्या बांगड्या नव्या होत्या.

मी उठले, भिंतीला टेकवलेला ट्रे उचलला आणि दोन्ही हातांनी धरला.

"थांबा काकू," मी म्हटलं, "पोराले बलावते. बाहेर गाडीतच हायेत."

आणि मी दाराकडे निघाले. ट्रेमध्ये एकही ग्लास नव्हता, तो दोन्ही हातांनी धरायची काही गरज नव्हती. ती इतक्या खाली बसली होती की तिला ते दिसलं नसेल. बाकी सगळ्यांना दिसलं.