चिंचेतला खिळा

गुलबर्ग्याला विद्यापीठाच्या बागेतली जुनी झाडं पाहायला मी अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, नेलं होतं. एक माळी चिंचेच्या खोडावर नावाची पाटी ठोकत होता. अक्कानं त्याचा हातोडा हिसकावला आणि त्याच्याच मनगटावर हाणला.

"खिळे कामून ठोकायलास?" म्हणत तिनं तो पुन्हा उगारला. मी धावत जाऊन मागून तिचे दोन्ही हात आवळले. तिनं हातोडा सोडून दिला.

पूर्वी आमच्या गावी, करजगीत, ती लग्नाला न्हाई म्हणाली, तेव्हा तिला भूत लागलंय असं आमच्या घरच्या हलकटांनी ठरवलं. भूत झाडातच राहावं म्हणून तिचे केस चिंचेला खिळ्यानं ठोकले आणि हिसडा देऊन तिला ओढलं. बटा कातडीसकट खोडावर राहिल्या.

तेव्हाही तिचे हात मीच धरले होते.