चौथी हाक

आमच्या गावाजवळ, जामच्या चौरस्त्यावर, हैदराबादची ट्रॅव्हल्स धड थांबतसुद्धा नाही. नुसती हळू होते, क्लीनर दार उघडून ओरडतो आणि माणसानं सामानासकट स्वतःला आत फेकायचं. मला फेकायला माय आली होती. संध्याकाळ होती, धाब्यांवरचे दिवे लागत होते, आणि तिच्या हाताला सांभाराचा, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीचा, वास येत होता, कारण दुपारभर तिनं जुड्या बांधल्या होत्या. बस सुटली तशी ती खिडकीखालून चालत चालत म्हणाली, "पोचली का हाक देजो. तीन देजो बरं." शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली. तिला काय कळणार, तीन म्हणजे काय ते!

तुम्ही जे गावात राहिलात, त्यांना हे सांगायची गरज नाही. माझ्यासारखे जे निघून गेले, ते विसरले असतील म्हणून सांगते. आमच्या घरी कोणी बाहेरून बोलावलं तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, आणि दिवे लागायच्या वेळेला तर मुळीच नाही. "ते आपल्याच माणसाच्या आवाजात बोलावते," माय सांगायची. "पण दोनदाच. तिसरी हाक त्याच्या गळ्यातून निघत नाई." ते म्हणजे कोण, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि विचारायची आमची टाप नव्हती. शाळेतून आले की मी फाटकातूनच ओरडायचे: माय! माय! माऽऽय! मग आतून यायचं, "ओऽ." त्या ओशिवाय मी उंबरा ओलांडला नाही.

हैदराबादेत मला फोनवर बोलायची नोकरी लागली. आधी ट्रेनिंग. पहिल्याच दिवशी ट्रेनर मॅडमनी माझ्या नावापुढे फळ्यावर तीन अक्षरं लिहिली, एमटीआय. म्हणजे मदर टंग इन्फ्लुअन्स. आईच्या भाषेचा असर हो, दुसरं काय! तो किती आहे ते तिथं बीपी-शुगर मोजावी तसा मोजायचे, आणि माझा 'हाय' निघाला. "यू सिंग, सुनंदा," मॅडम म्हणाल्या. मी गाते म्हणे. आपण प्रश्न विचारताना शेवटचा शब्द लांबवतो ना, 'जेवली काऽऽ' असा, तेच मी इंग्रजीत करत होते. अस्सा राग आला होता मला! पण राग गिळून शिकले. ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची आणि 'प' म्हणताना ती हलली पाहिजे. दातात पेन्सिल धरून पानंच्या पानं वाचायची. आणि रोज शॅडोइंग.

शॅडोइंग म्हणजे कानात एक बाई बोलते आणि तिचं वाक्य संपायच्या आतच आपण तिच्या मागोमाग तेच बोलत जायचं. तिचाच चढ, तिचाच उतार, तिचाच श्वास. हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घातलेले असायचे, त्यांच्यामधून फिरत मी हे करायचे. आधी मी तिच्या मागे धापा टाकत पळायचे. मग बरोबरीनं चालायला लागले. मग एके दिवशी इअरफोनची चार्जिंग संपली, आणि मला ते कळलंच नाही. बाई बंद पडली होती आणि मी बोलतच होते, तिच्याच आवाजात, जी वाक्यं पुढे यायची होती ती. अंगावर काटा आला. मग मी स्वतःलाच हसले आणि चादरी गोळा करून खाली गेले.

घरी फोन लावला की माय उचलायची आणि गप्प राहायची. फोनलाही तिनं तोच नियम लावला होता! मी म्हणायचे माय, माय, माऽऽय, मग ती ओ द्यायची. हॉस्टेलमधल्या मुली खो खो हसायच्या. पण हळूहळू तिसऱ्या हाकेनंतरही ती जरा थांबायला लागली. मला तिचा श्वास ऐकू यायचा. "तुया आवाज असा काऊन येऊन राह्यला?" तिनं एकदा विचारलं. नेटवर्कचं आहे, असं मी सांगितलं.

पुढे मीच ट्रेनर झाले. मग कंपनीनं इंग्रजी शिकायचं एक ॲप काढलं आणि त्यासाठी माझा आवाज घेतला. भिंतींना स्पंज लावलेल्या खोलीत बसवून माझ्याकडून वाक्यं वाचून घेतली. तिथला इंजिनिअर म्हणाला, आता मॅडम, तुम्ही कधीच न बोललेली वाक्यंसुद्धा हे बोलणार. मला मोठं कौतुक वाटलं. गावी भावजयीला, रंजनाला, सांगितलं. तिला लेकीच्या कॉन्व्हेंटमधल्या मिटिंगांना जावं लागायचं आणि तिथल्या टीचर इंग्रजीशिवाय बोलत नाहीत. तिनं लगेच ॲप घेतलं.

आणि मग एका दुपारी रंजनाचा फोन आला. आधी ती हसत होती, मग हसता हसता थांबली. झालं होतं असं. ती ॲप चालू ठेवून शेजारी विरजण आणायला गेली. फोन आतल्या खोलीत पलंगावर. माय बाहेर अंगणात सांभाराच्या जुड्या बांधत होती. घरात दुसरं कोणी नाही. आणि आतून माझा आवाज आला, "मदर, आर यू होम?"

ॲपची रीत अशी आहे की शिकणाऱ्यानं उत्तर दिलं नाही तर ते वाक्य पुन्हा म्हणतं. तरी गप्प राहिलं तर आणखी एकदा, जरा हळू, जरा लांबवून. मायनं पहिल्यांदा ऐकलं, हात थांबला. दुसऱ्यांदा ऐकलं, तरी बसून राहिली. तिसऱ्यांदा माझा आवाज म्हणाला, "मदर, आर यू होऽऽम?" आणि मायनं ओ दिली. "ओऽ, आली वो बाई, आली," म्हणत ती आत धावली. स्वयंपाकघरात बघितलं, मोरीत बघितलं, धान्याच्या कोठीमागं बघितलं. कोणीच नाही. आणि तिची ओ हेच उत्तर समजून फोन माझ्या आवाजात म्हणाला, "व्हेरी गुड. वन्स मोअर."

'मदर, आर यू होम' हे वाक्य मी त्या स्पंजच्या खोलीत वाचलंच नव्हतं. मी कितीतरी वाक्यं वाचली, पण ते नाही. ती मशीननं माझ्या गळ्यातून काढलेली हाक होती.

त्या दिवसापासून माय माझा फोन घेईना. रंजनानं ॲप काढून टाकलं, तिला दहादा समजावलं, भाऊ ओरडला. पण मायचं एकच, "ते आता तीनदा बोलावते." मी फोन करायचे, तिच्या कानाला लावला जायचा, मी घसा कोरडा पडेपर्यंत बोलावत राहायचे, आणि पलीकडून काहीच नाही. सांगा, आपल्या जिवंत आईनं आपल्या आवाजाला घाबरावं, याहून वाईट काय असतं? मला जेवण जाईना. रजा टाकली आणि निघाले.

जामला उतरले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. ऑटोवाल्यानं गावाच्या तोंडाशी सोडलं. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. भाऊ-रंजना वावरात गेलेले. फाटकातून मला माय दिसत होती, दाराच्या आत, सावलीत, समोर सांभाराचा ढीग. मी हाक दिली. तिचे हात थांबले. दुसरी दिली. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, सरळ माझ्या तोंडाकडे. तिसरी दिली. ती बघत राहिली आणि बोलली नाही.

त्या हाका कशा निघाल्या ते माझ्या मलाच ऐकू आलं. शेवटी हलकासा चढ, पुढे स्वच्छ विराम. एमटीआय शून्य. ती पलंगावरचा फोनच बोलल्यासारखी हाक होती, आणि फाटकात उभी असूनही क्षणभर मलाच वाटलं की मी इथं नाही.

"माय, मी सुनी व्हय," मी म्हणाले. ती नुसती बसून. मग माझं डोकंच फिरलं. बॅग आपटली आणि भोकाड पसरलं, "वो माऽऽय! काऊन ओ देऊन नाई राह्यली वो? ऊन लागून राह्यलं मले! पाय पोळून राह्यले! का जीवच घेतं काऽऽ माहा?"

"ओऽ," माय म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. "ये वो बाई, ये. मले वाटलं, तेच आलं."

चार दिवस राहिले, तिच्या हातचं जेवले, तिच्याशेजारी बसून जुड्या बांधल्या. निघताना तिनं बजावलं, "आता चार हाका देजो. तीन तं ते बी देते." हैदराबादेत मला असं कोणी तपासत नाही. तिथं माझ्या आवाजाला सगळे पहिल्याच शब्दाला हो म्हणतात, आणि त्यातल्या एकालाही मी कोण ते ठाऊक नसतं. मी चार हाका द्यायला लागले, चौथी भांडल्यासारखी. माय ओ द्यायला लागली. सगळं ठीक झालं असं वाटलं.

गेल्या मंगळवारी फोन केला. मी तोंड उघडायच्या आतच, एकाही हाकेची वाट न बघता, माय म्हणाली, "आता काऊन फोन केला वो? सकाळीच तं बोलली. चार हाका देल्या ना तू, चांगली भांडली बी."

सकाळी मी फोन केलाच नव्हता. रंजनाला विचारलं, तिच्या फोनमध्ये ते ॲप आता नाही. भाऊ म्हणतो, वय झालं तिचं. असेल तसंही. मायला मी काही बोलले नाही. "काय म्हणाले मी?" एवढंच विचारलं. माय म्हणाली, "येऊन राह्यली म्हणली ना तू."

तर येते आहे. शुक्रवारची ट्रॅव्हल्स बुक केली आहे. घर म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर पूर्वी मी म्हणाले असते, जिथून ओ येते ते. आता तसं म्हणवत नाही. या वेळी फाटकातून एकही हाक द्यायची नाही, सरळ आत जायचं आणि सांभाराचा वास येणारा तिचा हात धरायचा. हाताची नक्कल अजून कोणी केलेली नाही.