सीटची उंची

शोरूममध्ये सासूबाई नव्या स्कूटरवर बसायला गेल्या आणि पाय उचलताच थांबल्या. सीट उंच होती. आमची जुनी स्कूटर मी त्यांच्या बाजूला जरा कलती धरते, मग त्यांना बसता येतं. ही नवी जड. कलती केली तर दोघीही पडू.

"रंग मात्र झकास आहे हं," त्या म्हणाल्या. "घेऊन टाक गं. माझं काय, मी जाईन रिक्षानं."

आपण एखाद्याचं मत विचारतो, तेव्हा बहुतेक वेळा आपलं ठरलेलंच असतं. मी ब्रेक पाहिले, डिकी पाहिली, ॲव्हरेज विचारलं. त्यांचे दुखरे गुडघे मी विसरले होते, असं नाही. रिक्षाचं त्यांनीच सुचवावं, म्हणून तर त्यांना सोबत आणलं होतं.