मला निकाल हवा होता

मी शिरूरला राहतो, वकिली शिरूर आणि दौंड दोन्हीकडे करतो आणि इथल्या एका साप्ताहिकात कोर्टाच्या निकालांवर लिहितो. वरच्या कोर्टानं काय म्हटलं आणि आपल्या बांधावर त्याचा अर्थ काय, हे मला सोपं करून सांगता येतं, असं लोक म्हणतात. मलाही ते पटतं. घात तिथंच झाला.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा, यावर मी पुन्हा पुन्हा लिहायचो. पण उदाहरणं सगळी दिल्लीची नाहीतर मुंबईची. आपल्या भागातलं एक तरी हवं, असं फार वाटायचं. आणि ती आली. वरवंडची लेक, कारेगावात दिलेली. वडील गेल्यावर भावानं तिला न विचारता सगळी जमीन स्वतःच्या नावावर केली होती. आम्ही दौंडला दावा लावला.

निकाल तोंडावर आला, तेव्हा भाऊ कोर्टाच्या व्हरांड्यात समोर येऊन उभा राहिला. टोपी काढून हातात घेतलेली.

"आक्का, विहिरीकडचं दोन एकर तुझं. ऱ्हाऊ दे हे कोर्ट. आई रोज तुझं नाव काढती."

ती रडायलाच लागली. मला म्हणाली, "साहेब, घेऊ का? मला आजून काय पायजे?"

तडजोड झाली असती तर निकालच लागला नसता. मग मी लिहिणार कशावर, कपाळावर? तिला बाजूला घेऊन मी म्हणालो, घाई करू नका, तुमचा हक्क याच्या दुप्पट आहे, भाऊ घाबरलाय म्हणून गोड बोलतोय, आणि तुमच्या निकालानं शंभर बहिणींचं भलं होईल. शंभर बहिणी! माझ्या डोळ्यांसमोर एकही नव्हती, नुसता मथळा होता.

"तुम्ही म्हंता तर तसं," ती म्हणाली.

निकाल आमच्या बाजूनं लागला. लेख गाजला, एका महिला मेळाव्यात मला शाल-श्रीफळही मिळालं. इकडं भावानं तिच्याशी बोलणं तोडलं, आईचा फोन काढून घेतला. दिवाळीला ती वरवंडला गेली आणि उंबऱ्यावरूनच परत आली.

शंभर बहिणींचं म्हणाल, तर तेही कळलं. कोर्टाबाहेरचा स्टँपवाला एकदा हसत म्हणाला, "साहेब, तुमच्या लेखानं आमची चंगळ झाली. जो तो भाऊ बहिणीला हक्कसोड करायला घिऊन येतोय, तिनं पेपर वाचायच्या आत." मी त्याच्यावर उगाच डाफरलो. त्याचा काय दोष होता?

परवा तिचा फोन आला. "सगळं भावाला लिहून देतीय. रजिस्ट्रारपुढं माझी ओळख द्यायला याल का?" मी अपील, मुदत, हक्क असं काहीबाही बडबडलो. तिनं ऐकून घेतलं. "आईला दिसंना झालंय, साहेब. मला तिच्याजवळ जायचंय, बास."

दौंडच्या रजिस्ट्रार कचेरीत तिनं मशीनवर अंगठा ठेवला, कॅमेऱ्यात बघितलं, आणि ज्या निकालावर मी अर्धं पान भरलं होतं तो चहा निवायच्या आत संपला. भावानं आपणहून देऊ केलेले दोन एकरही गेले. माझ्यामुळे गेले. ओळखदार म्हणून खाली सही मीच केली.

बाहेर भावाच्या जीपमध्ये आई बसली होती. लेक शेजारी बसताच आईनं तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. भाऊ म्हणाला, "आई, हे आक्काचे वकील." म्हातारीनं भलत्याच दिशेला वळून हात जोडले.

"देवावानी भेटलात, साहेब. पोरीला चार गोष्टी समजावून सांगितल्यात, म्हून आज ती घरी येतीया."

लेक माझ्याकडे बघत होती. मला खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "जपून जा, आई."