चार नळ्यांचा कार्बोरेटर

हडपसरच्या बद्रीनाथ फडतरेंना इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर सोडून दुसरं काही दुरुस्त करता येत नाही. पुण्यात कार्बोरेटरच्या गाड्याच उरल्या नाहीत, हा त्यांच्या मते पुण्याचा दोष. त्यांचं एकच गिऱ्हाईक शिल्लक होतं, वाघोलीच्या रणजितची जुनी अमेरिकन इम्पाला. तीही जायच्या बेतात होती. लिटरला पाच किलोमीटर देत नसेल तर विकायची, असं रणजितच्या बायकोनं, राजनंदिनीनं, बजावलं होतं.

दोन नळ्यांच्या कार्बोरेटरवर गाडी लिटरला साडेचार किलोमीटर गेली. मग बद्रीनाथांनी चार नळ्यांचा बसवला.

“काका, हा तर जास्त पिणार!” रणजित म्हणाला.

“पुढच्या दोन नळ्या बारीक आहेत. मागच्या दोन मात्र पाय जोरात दाबलास तरच उघडतात. तेवढा पाय आवर.”

टाकीऐवजी इंजिनाशेजारी लिटरभर पेट्रोलची बाटली बांधून तिघं सकाळी सहाला नगर रस्त्याला लागले. राजनंदिनी मोबाइलवर अंतर बघत होती, बद्रीनाथ रणजितचा पाय. साडेचार किलोमीटर झाले. तेवढ्यात समोरचा रस्ता मोकळा दिसला. वाघोलीत असं कधी होत नाही. रणजितचा पाय खाली गेला. मागच्या नळ्या उघडल्या, गाडी डरकाळी फोडून सुटली आणि थोड्याच वेळात गप्प झाली. बाटली कोरडी. चार किलोमीटर आठशे मीटर.

बद्रीनाथ मान खाली घालून बसले. राजनंदिनीनं वाऱ्यानं विस्कटलेले केस हसत मागे सारले.

“काका, अजून एक बाटली आहे का?”

“आहे.”

“मग लावा. आणि अहो, तुम्ही उतरा. आता मी चालवते.”